भांडण मिटलं, हिशेब राहिला

एप्रिल 2021 चा तिसरा आठवडा आठवा. रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी नातेवाईक खामगावहून अकोल्याला आणि बुलढाण्याहून औरंगाबादला धावत होते. नेमक्या त्याच दिवसांत आमचे शिवसेना आमदार संजय गायकवाड बोलून गेले की, कोरोनाचे जंतू हाती लागले असते तर ते तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांच्या तोंडात कोंबले असते. बुलढाण्याचं नाव देशभर झालं. लगेच शिवसेना आणि भाजपचे कार्यकर्ते शहरात एकमेकांना भिडले. राज्यात तेव्हा संचारबंदी होती आणि ती मोडली म्हणून पोलीस भाजीवाल्याची गाडी उचलत होते.

वाद रेमडेसिविरचा होता. दमणच्या ब्रुक फार्माच्या संचालकाला मुंबई पोलिसांनी चौकशीला बोलावलं, फडणवीस रात्रीच पोलीस ठाण्यात पोहोचले, राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवू लागलं आणि केंद्र राज्याकडे. या सगळ्यात अन्न व औषध प्रशासन खात्याचे मंत्री कोण होते? डॉ. राजेंद्र शिंगणे. सिंदखेडराजाचे आमदार आणि बुलढाण्याचे पालकमंत्री. म्हणजे त्या भांडणाची दोन टोकं आमच्याच जिल्ह्यात होती. तरी जिल्ह्यातल्या माणसाला ती कुपी कुठे मिळेल, याचं धड उत्तर त्या आठवड्यात कोणाकडे नव्हतं.

जून 2022 मध्ये सरकार बदललं. गायकवाड एकनाथ शिंदेंबरोबर गेले, खासदार प्रतापराव जाधवही गेले, फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि पुढे डिसेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री. 2024 च्या विधानसभेला गायकवाड 841 मतांनी निवडून आले, ते महायुतीचे उमेदवार म्हणून. ज्यांच्यासाठी कार्यकर्त्यांनी डोकी फोडून घ्यायची तयारी केली ते आज एका व्यासपीठावर आहेत. नेत्यांनी भांडण मिटवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्या भांडणात जे कधी निघालंच नाही त्याबद्दल: टाळेबंदीत या जिल्ह्यातल्या माणसाच्या खिशातून काय गेलं आणि त्यातलं त्याला परत काय मिळालं?

कापसापासून सुरू करू, कारण आमच्याकडे सगळं कापसापासूनच सुरू होतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बराच कापूस घरातच होता. भाव वाढेल म्हणून शेतकरी थोडा माल मागे ठेवतोच, त्यात नवीन काही नाही. हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 5,550 रुपये होता. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि पणन महासंघाची खरेदी बंद पडली. पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवसाला मोजक्याच गाड्या घेतल्या जाऊ लागल्या. बाजार समितीत नाव नोंदवायचं, फोनची वाट बघायची, फोन आला की भाड्याचा ट्रॅक्टर करून जिनिंगवर जायचं, आणि तिथे ग्रेडरने माल हमीभावाच्या दर्जाचा (एफएक्यू) नाही म्हटलं की गाडी माघारी. ट्रॅक्टरचं भाडं डोक्यावर. मे-जूनमध्ये गावागावांत एकच विचारपूस होती: नंबर लागला काय?

ज्यांनी घरात कापूस साठवला आहे त्यांना उन्हाळ्यातलं ते घर ठाऊक आहे. खोलीच्या छतापर्यंत कापूस. त्यात किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. लेकरांच्या हातापायांवर पुरळ येतं. माणसं बाहेर ओट्यावर झोपतात आणि घरात कापूस झोपतो. बाहेर निघू नका, घरातच थांबा असं सरकार सांगत होतं ते याच घरांना. मृग तोंडावर आला, बियाण्याला पैसे हवेत, तेव्हा खेडा खरेदीवाला दारात आला आणि हमीभावापेक्षा हजार रुपये किंवा त्याहूनही कमी भावात कापूस घेऊन गेला. तो त्याने पुढे कुठे विकला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. हा फरक किती शेतकऱ्यांचा, किती क्विंटलचा, किती रुपयांचा, हे कोणत्या सभागृहात आकडा मांडून विचारलं गेलं? सत्ताधाऱ्यांनी केंद्राची सीसीआय कमी पडली म्हणून सांगितलं, विरोधकांनी राज्याचा पणन महासंघ कमी पडला म्हणून सांगितलं. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

मक्याची गोष्ट आणखी वाईट, कारण ती टाळेबंदीच्या आधीच सुरू झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये मोबाइलवर अफवा पसरली की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. कोंबड्या मातीमोल झाल्या. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी कमी केले, खाद्याची मागणी पडली, आणि त्या खाद्यात सगळ्यात जास्त असतो तो मका. मोताळा, मलकापूर, देऊळगावराजा भागात मका पिकवणाऱ्यांनी 1,760 रुपये हमीभाव कागदावर पाहिला आणि त्याच्या कितीतरी खाली माल दिला. कोंबडी निरोगी आहे हे गावोगाव ठणकावून सांगायला तेव्हा आमच्याकडे कोणी पुढारी आल्याचं मला आठवत नाही. सव्वा वर्षाने मे 2021 मध्ये गायकवाडांनी उपवास सोडा, अंडी-चिकन खा असं सांगितलं. वारकरी संतापले आणि पुन्हा आठवडाभर वाद रंगला. प्रथिनं खा हा सल्ला चुकीचा नव्हता. पण तो ज्या काळात कामाचा होता तो काळ उलटून गेला होता, आणि ज्याच्या घरात मजुरी बंद आहे त्याने अंडी आणायची कशाने, हे वाद घालणाऱ्या कोणीच विचारलं नाही.

आता शेगाव.

मंदिरं उघडा म्हणून 2020 च्या उत्तरार्धात राज्य पेटलं होतं. मदिरालयं चालू, देवालयं बंद, असा भाजपचा आरोप होता. ऑगस्टअखेर प्रकाश आंबेडकर याच मागणीसाठी पंढरपुरात गेले. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंना हिंदुत्वाची आठवण करून देणारं पत्र लिहिलं आणि ठाकरेंनी तितकंच कडक उत्तर दिलं. वाद होता श्रद्धेचा आणि हिंदुत्व कोणाचं खरं याचा. शेगावात गजानन महाराज मंदिराच्या बंद दारासमोर उभ्या होत्या रिकाम्या ऑटोरिक्षा. स्टेशनवरून मंदिरापर्यंत भाविक नेणं हीच ज्यांची रोजी, त्यांना मार्च ते नोव्हेंबर 2020 आणि मग दुसऱ्या लाटेत थेट 7 ऑक्टोबर 2021 च्या घटस्थापनेपर्यंत भाविकच नव्हते. हारवाले, नारळवाले, कचोरीचा घाणा, लॉजवरची पोरं, सगळ्यांची तीच गत. मंदिर बंद ठेवणं आरोग्यासाठी गरजेचं होतं असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. संस्थानने स्वतः शिस्तीने दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघर गरजूंसाठी चालू ठेवलं. संस्थानचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 ला गेले, मंदिर पुन्हा उघडायच्या दोन महिने आधी. पण दार बंद ठेवायला सांगणाऱ्या सरकारने त्या दारावर पोट असलेल्यांची जबाबदारी घ्यायला हवी होती. आणि दार उघडा म्हणणाऱ्यांनी निदान त्यांच्यासाठी भत्ता मागायला हवा होता. मंदिरांसाठीच्या एकाही घंटानाद आंदोलनात ती मागणी पुढे आल्याचं मला आठवत नाही.

सरकारने दिलं नाही असं मी म्हणत नाही. 13 एप्रिल 2021 ला ठाकरेंनी 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. परवानाधारक रिक्षाचालकाला 1,500 रुपये, नोंदणीकृत फेरीवाल्याला 1,500, नोंदणीकृत बांधकाम कामगाराला 1,500, आदिवासी कुटुंबाला 2,000. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत. आता आमच्या आठवडी बाजाराकडे या. पाल टाकून बसणारी बांगडीवाली, मिरची-मसाल्याचे ढीग लावणारा, चप्पल शिवणारा, बैलबाजारात शेंगदाणे विकणारी बाई. हे आज या गावी, उद्या त्या गावी असतात. नगरपालिकेच्या फेरीवाला यादीत त्यांचं नाव असणार कसं? ज्यांचा बाजार सगळ्यात आधी बंद झाला आणि सगळ्यात शेवटी उघडला, ते या पॅकेजच्या बाहेर राहिले. शेतमजूर तर कोणत्याच यादीत नव्हता. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या कष्टकरी वर्गाची नोंदच नाही, हे सरकारला एप्रिल 2021 मध्ये कळलं नव्हतं, आधीपासून माहीत होतं. विरोधी पक्षाने पॅकेज तुटपुंजं आहे म्हणून टीका केली. यादीत कोण नाही यावरच जोर दिला असता तर ती टीका जास्त कामाची झाली असती.

केंद्राचंही सांगतो. मे 2020 मध्ये 20 लाख कोटींचं पॅकेज आलं, त्यात मोठा भाग कर्जाचा होता. ज्याचं दुकान बंद आहे त्याला कर्ज देऊन काय होतं? रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते थांबवले, व्याज थांबवलं नाही. पीएम केअर्सला दिलेली देणगी कंपन्यांच्या सामाजिक निधीत धरायची आणि मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली धरायची नाही, हा नियम तर महामारीच्या ऐन मध्यात राज्यांचा हात आखडणारा होता. राज्याने 4 मे 2020 ला विकासकामांवरचा खर्च 33 टक्क्यांवर आणला. कर्जमुक्तीची रक्कम न मिळालेले सुमारे 11 लाख खातेदार राज्यात उरले होते. सरकारने त्याच महिन्यात बँकांना सांगितलं की हे पैसे आमच्या नावे लिहा आणि शेतकऱ्याला नवं पीककर्ज द्या. बँकेच्या दारात गेलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्या आदेशाचं काय झालं. बुलढाण्यात हे जास्त बोचलं, कारण आमची जिल्हा बँक नागपूर-वर्ध्याच्या बँकांसारखीच आधीच कोलमडून मुश्किलीने उभी राहिलेली. गावातल्या सोसायटीच्या आधाराने पेरणी करणाऱ्याला राष्ट्रीयीकृत बँकेच्या रांगेत ढकललं गेलं होतं, आणि रांगेत उभं राहायला बंदी होती.

टाळेबंदीतल्या वीजबिलाचं तर एका वाक्यात: ऊर्जामंत्र्यांनी सवलतीची आशा दाखवली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये बिल भरा म्हणून सांगितलं.

मार्च 2021 मध्ये राज्याची आर्थिक पाहणी आली. राज्याची अर्थव्यवस्था 8 टक्क्यांनी आकसेल, उद्योग 11.3 टक्क्यांनी घटतील, सेवा 9 टक्क्यांनी, आणि शेती व संलग्न क्षेत्र मात्र 11.7 टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज होता. त्या 11.7 वर खूप भाषणं झाली. शेतीने राज्याला तारलं, बळीराजा उभा राहिला. मला ती भाषणं ऐकवत नव्हती. वाढ म्हणजे पिकलेल्या मालाचं मोल. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं ते त्यात दिसत नाही. पाऊस बरा झाला म्हणून राज्यभरात पिकलं. आमच्याकडे 2020 च्या परतीच्या पावसात सोयाबीन गंजीतच कोंब धरत होतं आणि उरलेल्या कपाशीत बोंडअळी होती. शिवाय सुरत, पुणे, मुंबईहून परतलेली पोरं त्याच दोन-चार एकरांवर राबत होती. एका माणसाचं काम तिघांनी केलं तर शेतावर माणसं वाढलेली दिसतात, घरातला पैसा वाढत नाही. मे 2021 मध्ये दहा दिवसांचे कडक निर्बंध लागले तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्याही बंद होत्या. खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्याची विक्री बंद ठेवून त्याने पेरणीची तयारी करायची होती.

टाळेबंदी नकोच होती, असं मी म्हणत नाही. मार्च 2020 च्या अखेरीस जिल्ह्यात पहिला मृत्यू झाला तेव्हा आपल्याकडे काय होतं? गंभीर रुग्ण आला की अकोल्याला किंवा औरंगाबादला पाठवायचं, हीच इथली आरोग्यव्यवस्था. दवाखाने नसले की टाळेबंदी जास्त कडक करावी लागते, आणि तिची किंमत दवाखाना नसलेल्या जिल्ह्यानेच मोजायची. हे मात्र बदलायला सुरुवात झाली आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा आहे. जून 2024 पासून आमचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत. जिल्ह्याचा आवाज आता तिथे आहे.

म्हणून आता तरी विचारावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निकालानंतर प्रत्येक कोरोना मृत्यूमागे 50,000 रुपये सानुग्रह मदत ठरली. चाचणीचा अहवाल नाही, फक्त छातीचा स्कॅन आहे, म्हणून जिल्ह्यात किती अर्ज परत गेले? 2021 च्या पॅकेजमध्ये जिल्हा नियोजनातून कोरोनाच्या सोयींसाठी राज्यभर 3,300 कोटी ठेवले होते. त्यातले बुलढाण्याला किती आले आणि कशावर गेले? ऑक्सिजनचे प्रकल्प आज चालू आहेत का, चालवायला तंत्रज्ञ आहे का? जानेवारी 2025 मध्ये जिल्ह्याचे पालकमंत्री झालेले मकरंद जाधव-पाटील हे मदत व पुनर्वसन मंत्रीही आहेत. सानुग्रह मदतीची फाइल त्यांच्याच खात्याची आणि जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. दोन्ही हिशेब एकाच टेबलावर मागवता येतात. जिल्ह्यातले सत्ताधारी आमदार आणि खासदार आता एका बाजूला आहेत, कोणावर ढकलायला पलीकडे कोणी उरलेलं नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, तालुकावार आकडे छापा, आणि ती प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.