नामंजूर फाइलीचे पैसे कुणाचे?

घराचं कर्ज मिळण्याआधी त्याची किंमत चुकती करावी लागते. कुठे तिला लॉगिन फी म्हणतात, कुठे फाइल चार्ज, कुठे प्रोसेसिंग फी. कर्ज होईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, पण पैसे अर्जाच्या दिवशीच जातात. पुढे फाइल नामंजूर झाली तर बहुतेक ठिकाणी ते परत येत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो थांबायला हवा.

रक्कम किरकोळ नाही. ५० लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का फी धरली तर २५,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४,५००. एकूण २९,५००. काही ठिकाणी सगळी रक्कम आधीच घेतात, काही ठिकाणी लॉगिनला थोडी आणि मंजुरीनंतर उरलेली. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युअरची भेट यांचे पैसे कुठे यातच धरलेले, तर कुठे वेगळे. घरासाठी पै-पै जमवणाऱ्या माणसाच्या खिशातून हे पैसे अशा वेळी जातात, जेव्हा त्याला एकेक हजार मोजून वापरायचा असतो.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने पुण्यात जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं. दोघंही नोकरदार, सिबिल स्वच्छ. फी भरली, पगाराच्या स्लिपा दिल्या. आठवड्याभराने फोन आला, ‘टेक्निकलमध्ये फाइल अडकली.’ इमारतीचा वरचा मजला मंजूर नकाशात नव्हता आणि फ्लॅट नेमका त्याच मजल्यावर. कर्ज नाकारलं हे योग्यच झालं, उलट त्यांचं मोठं संकट टळलं. पण त्यांनी व्हॅल्युअरचा रिपोर्ट मागितला, तर ‘तो इंटर्नल असतो’ असं उत्तर मिळालं. नकार लेखी मागितला, तर ‘फोनवर सांगितलंय ना’. फी मागितली, तेव्हा अधिकाऱ्याने अर्जाचं शेवटचं पान उघडून बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, असं तिथे छापलेलं होतं. खाली दोघांच्या सह्या होत्या.

त्यांचं खरं नुकसान त्यानंतर झालं. विकणाऱ्याला इसार दिला होता. तो म्हणाला, ‘कर्ज नाकारल्याचं पत्र दाखवा, मग बघू.’ पत्र नव्हतंच. फी तर गेलीच, शिवाय इसारासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागले. एका कागदाअभावी सामान्य माणूस असा दोन्हीकडून भरडला जातो.

नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्ज देणाऱ्यांसाठी उचित व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रोसेसिंगची फी किती आणि अर्ज स्वीकारला गेला नाही तर त्यातली किती रक्कम परत मिळेल, हे कर्जाच्या अर्जातच लिहा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सुरुवातीला ही अट छोट्या कर्जांपुरती होती, पुढे सगळ्या कर्जांना लागू झाली. नाकारण्याची मुख्य कारणं लेखी द्या, हेही त्यात आहे. हाउसिंग फायनान्स कंपन्यांसाठीच्या निर्देशांतही कर्ज मंजूर झालं नाही किंवा रक्कम उचलली गेली नाही, तर किती फी परत मिळेल हे ग्राहकाला सांगण्याचं बंधन आहे.

म्हणजे अर्जावर आकडा हवा. पण आकडा केवढा असावा, यावर नियम गप्प आहे. ‘शून्य’ लिहिलं तरी नियम पाळला जातो! सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक चांगला नियम आला. प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं झालं. सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो हे त्यात लिहावं लागतं, तेही ग्राहकाला समजेल अशा भाषेत. त्यात नसलेली कुठलीही फी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. मात्र हा कागद हातात पडतो तो कर्जाच्या अटी ठरल्यावर, करारावर सह्या होण्याआधी. लॉगिन फी तोवर कधीच गेलेली असते. ज्याची फाइल आधीच बाद झाली, त्याला या कागदाचा काय उपयोग?

बँका म्हणतात, आमचं काम तर झालेलं असतं. वकील दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदी चाळतो, व्हॅल्युअर जागेवर जातो, त्यांना पैसे द्यावे लागतात. मान्य. तेवढे पैसे पावती दाखवून जरूर कापा. पण मग ज्याच्या पैशातून तो अहवाल तयार झाला, त्याला त्याची प्रत द्या. आणि सिबिल बघून पहिल्याच दिवशी बाद केलेल्या फाइलीत कुठला वकील गेला नि कुठला व्हॅल्युअर? समोरचा माणूस कर्ज फेडेल की नाही हे तपासणं हा कर्ज देणाऱ्याचा स्वतःचा धंदा आहे, त्याचा खर्च त्यानेच सोसायचा. घराच्या डागडुजीचा अंदाज द्यायला आलेला मिस्त्री काम मिळालं नाही म्हणून रोजंदारी मागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. आधी सिबिल आणि पगार तपासा, फुकट. त्यात माणूस बसला तर जागेच्या तपासणीचे पैसे घ्या, पावतीसह. मुख्य फी घ्या ती कर्ज मंजूर झाल्यावर. मंजुरीनंतर ग्राहकच मागे फिरला, तर झालेला खर्च कापून घ्यायलाही हरकत नाही. सणासुदीच्या जाहिरातीत हीच फी ‘शून्य’ होते. मग ती एरवी नाकारलेल्या माणसाकडून घ्यायलाच हवी, हे कुणाला पटेल?

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. अर्ज ५० लाखांचा, मंजुरी ३८ लाखांची, फी मात्र ५० लाखांवर घेतलेली. वरच्या १२ लाखांवरची फी आणि तिचा जीएसटी तुमचा आहे. तो मागा.

कर्जासोबत गळ्यात मारलेला विमाही तपासा. गृहकर्जासाठी विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून टाकतात आणि त्यावर वर्षानुवर्षं व्याज भरावं लागतं. नको असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. ही मुदत चुकवू नका.

फी भरण्याआधी ईमेलवर एकच प्रश्न विचारा. ‘कर्ज नामंजूर झालं किंवा कमी मंजूर झालं, तर जीएसटीसह किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल?’ उत्तर लेखी आलं तरच पैसे भरा. टाळाटाळ झाली तर दुसरं दार ठोठावा, कर्ज देणारे ढिगाने आहेत. पैसे संस्थेच्याच खात्यात भरा. एजंटाच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका, कारण ‘आधी फी भरा, कर्ज पक्कं’ म्हणणाऱ्या भामट्यांचा सुळसुळाट आहे. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. इसार पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत’ ही ओळ घालून घ्या.

पैसे अडकलेच, तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करा. ग्राहक आयोगातही अशा छोट्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. पंचवीस-तीस हजारांसाठी कोण भांडणार, या हिशोबावरच हा सगळा कारभार चालतो. म्हणून भांडायचं.

रिझर्व्ह बँकेने मनावर घेतलं तर पैसे परत मिळतात, हे आपण पाहिलं आहे. काही संस्था कर्जाची रक्कम हातात पडण्याआधीपासूनच व्याज लावत होत्या. तपासणीत हे उघड झालं, जादा घेतलेलं व्याज आणि आकार ग्राहकांना परत करायला लावले गेले, आणि २९ एप्रिल २०२४ रोजी सगळ्यांनाच आपापली पद्धत तपासून सुधारण्याची तंबी मिळाली. तेच इथे का होऊ नये?

परताव्याचा आकडा अर्जावर लिहा, असं सांगून वीस वर्षं उलटली. आता रिझर्व्ह बँकेने तो आकडाही ठरवून द्यावा: कर्ज नाकारलं, तर प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या वजा जाता सगळी फी जीएसटीसह परत, सोबत अहवालाची प्रत आणि नकाराचं पत्र. यापेक्षा कमी काहीही ग्राहकाने मान्य करू नये.