वेल्ह्याला, व्हाया नाना पेठ

डोंगर तुडवायला बनवलेली गाडी दगडधोंड्यांनी मोडत नाही. तिला मोडतं ते डांबर. नदीचं पात्र, चिखल, गुडघाभर खड्डा यातून ती हसत जाते. सिंहगड रस्त्यावर तिला धाप लागते.

आमची जीप कुठल्या कंपनीची, हे कृपया विचारू नका. बॉनेटवर एका कंपनीचं नाव आहे, बॉनेटखाली दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, गिअरबॉक्स तिसऱ्या गाडीतून उतरवलेला आणि मागची सीट बहुधा एका वडापच्या गाडीतली. काही बिघडलं तर ग्राहक मंचात कुणाला खेचायचं, यावर वकिलानंही हात टेकले. आरटीओच्या कागदावर मात्र ही सगळी मंडळी एका नंबरानं नांदतात.

तसं पुण्याला या जातीचं वावडं नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे 2005 नंतरच्या फोर्स मोटर्सनं, ट्रॅक्स काढली आणि पुढं गुरखा. ट्रॅक्सच्या इंजिनाचं घराणं मर्सिडीजचं, हे तिच्या टपावर बसून लग्नाला गेलेल्या वऱ्हाडाला कुणी सांगितलं नसेल. 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था तर थेट वेताळ टेकडीवर आहे. तिथं देशभरच्या नव्या गाड्यांची परीक्षा होते. जुन्यांची परीक्षा टेकडीखालचे रस्ते घेतात, फी न घेता.

तर ऑगस्टातला रविवार. बेत असा, की खडकवासला, खानापूर, पाबे घाट करून वेल्ह्याला पोचायचं, तोरणा ढगात असेल तर खालूनच बघायचा आणि भाकरी खाऊन परतायचं. सौ. पुढं, मेव्हणा मागं. मेव्हण्याला हवापालटासाठी बोलावलं असं त्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे धक्का मारायला एक तरुण माणूस हाताशी हवा होता.

धायरी फाट्यापर्यंत सगळं कुशल होतं. पुढं रस्ता मोकळा मिळाला म्हणून काटा साठाकडं गेला, पुढचं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि स्टीअरिंग अंगात आल्यासारखं घुमू लागलं. आरसे थरथरले, डॅशबोर्डावरचा गणपती उडून सौ.च्या मांडीवर आला. ज्या गाड्यांना पुढं सबंध अखंड अॅक्सल असतो, त्यांचा हा घरंदाज आजार. किंगपिनची बेअरिंगं झिजली, टायरॉडचे एंड ढिले झाले, की एका चाकाला बसलेला हिसका अॅक्सलवरून दुसऱ्या चाकाला पोचतो, दुसरं तो पहिल्याला परत करतं, आणि ही देवाणघेवाण वेग कमी होईस्तोवर थांबत नाही. ब्रेक करकचून दाबायचा नाही, हळूच वेग सोडायचा. हे मी शांतपणे समजावून सांगत होतो.

"अहो, आधी थांबवा, मग शिकवा," सौ. म्हणाल्या.

खडकवासल्याच्या चौपाटीवर चहाला थांबलो. निघताना सेल्फ फिरतोय, इंजिन घेत नाही. डिझेलनं हवा घेतली होती. कणीस भाजणाऱ्या बाईंनी निखाऱ्यावरून नजर न हलवता निदान केलं, "पाइप ढिला असंल. आमच्याकडं दर रविवारी एक तरी गाडी बंद पडतीच. दोन कणसं देऊ का?" कणसं घेतली. जुन्या इंजिनाचा हा मोठा गुण: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. हे काम मेव्हण्यानं केलं. हल्लीच्या कॉमन-रेल गाडीला नुसता पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे लॅपटॉपला विचारायचेच पैसे पडतात. इथं एकूण खर्च दोन कणसं आणि मेव्हण्याचा शर्ट.

पाबे घाटात पावसानं उघडीप दिली होती. खाली भातखाचरं हिरवीगार, डांबर खडखडीत वाळलेलं. आणि इथं मेव्हण्याला व्हिडिओ सुचला. "भावोजी, फोर बाय फोर टाका ना, रील करतो!" मी नको नको म्हणेपर्यंत पठ्ठ्यानं खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब फिरवून लॉक केले आणि सौ.नी, भावाचा शब्द पडू नये म्हणून, दांडा ओढला. आता अडचण अशी, की वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्टमध्ये भरत जातो. तिसऱ्या वळणावर "कट्ट" असा आवाज आला, आणि गाडीखाली काहीतरी असं धाडधाड आपटू लागलं, की गाडी पुढं न्यायची छाती होईना. दुधाच्या किटल्या लावलेला एक स्कूटरवाला शेजारून चढून गेला. त्यानं हातही केला.

वेल्ह्याहून ट्रॅक्टरचा मिस्त्री दुचाकीवर आला. तो गाडीखाली सरकला आणि मागच्या प्रॉपलरचा तुटलेला क्रॉस घेऊन बाहेर आला. कपातल्या सुईएवढ्या बारीक रोलरांची लाल पूड झालेली. ती चिमटीत चोळून तो म्हणाला, "साहेब, याला ग्रीस गेलेलंच नाही. निपलच रंगाखाली बुजलाय." विकताना आधीच्या मालकानं शाफ्टला चंदेरी रंग मारला होता, निपलसकट.

मग त्यानं जे केलं, ते कुठल्या जाहिरातीत दाखवत नाहीत. मागचा शाफ्ट सबंध सोडवून गाडीत टाकला आणि दांडा तसाच फोर बाय फोरवर ठेवला. आता मागच्या चाकांना ताकद नाही, पुढची दोन ओढणार! आमची जीप अशी पुढच्या चाकांवर, मारुतीच्या चालीनं, पुण्याला परत आली. शाफ्ट मेव्हण्याच्या मांडीवर. मिस्त्रीनं पाचशे घेतले होते आणि भाकरी घरी खाऊन जा म्हणाला होता.

सोमवारी नाना पेठ. क्रॉसचे भाव तीन: ओरिजनल, कंपनीसारखा, आणि "चालतंय". मी आठशेचा ओरिजनल घेतला, ओरिजनल कशाचा हे न विचारता. आठशेत प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या मिस्त्रींनी गाडी खोलली, आणि गाडी खोलली की काम निघतं. किंगपिनची बेअरिंगं 2,200, टायरॉड एंड 2,400, पाट्यांचे बुश 1,500, दुसरा क्रॉस "जोडीनं टाकलेला बरा" म्हणून आणखी आठशे, लेबर 4,500. एकूण 12,200. सौ.नी बिल वाचलं. एवढ्यात आपण तिघं वेल्ह्याला टॅक्सीनं दोनदा जाऊन आलो असतो, असं म्हणाल्या, आणि दांडा कुणी ओढला या विषयावर मात्र काही बोलल्या नाहीत.

गाडी तयार झाल्यावर ट्रायल घ्यायला मिस्त्री पुढच्या रविवारी सहकुटुंब पाबे घाटमार्गे वेल्ह्याला जाऊन आले. गाडी एकदम लोण्यासारखी चालली म्हणाले, तोरणाही स्वच्छ दिसला. फक्त पुढचं डिफरन्शियल जरा आवाज करतंय, ते एकदा खोलून बघावं लागेल.