आपल्या सूचनेबरहुकूम: एका ज्यूरीस अनावृत पत्र

परमपूज्य ज्यूरी महोदय,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण पुण्याहून विमानाने येऊन चेन्नईतल्या आमच्या आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाच्या स्टुडिओत पायधूळ झाडलीत, आमच्या शीटवर आपला लाल पेन प्रसन्न झाला, आणि निघताना ‘सस्टेनेबल म्हणजे कंटाळवाणं नव्हे, पोरांनो’ असा आशीर्वादही मिळाला. आभार मानायला उशीर झाला याची क्षमा असावी. आपल्या सूचनांप्रमाणे इमारत सुधारण्यात वेळ गेला.

मराठी म्हणून मला आपला अभिमान जरा जास्तच वाटला. त्या खोलीत आपण शेजारच्या सरांच्या कानात मराठीतून जे शेरे मारत होतात ते कळणारी मी एकटीच होते. इतक्या जवळून गुरुमुखातले ज्ञान ऐकण्याचे भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

आपण आलात ती वेळ जेवणाची होती आणि प्रकल्प समजावून सांगण्याची माझी मिनिटे आपल्या फोनने घेतली, म्हणून विषयाची थोडी उजळणी करते. इरुंगाट्टुकोट्टैच्या सिपकॉट (तमिळनाडूची एमआयडीसी) औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी वसतिगृह, कमीत कमी वीज आणि पाणी खाणारे. चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडचा पट्टा. तिथेच ह्युंदाईचा कारखाना, तिथेच मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक. विषय हवेतला नव्हता. जवळच्या वल्लम वडगाल इथे ऑगस्ट 2024 मध्ये सिपकॉटचे 18,720 महिला कामगारांसाठीचे निवासी संकुल सुरू झाले. त्याआधी, डिसेंबर 2021 मध्ये, याच पट्ट्यातल्या एका वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली तेव्हा कामगार मुली महामार्गावर येऊन बसल्या होत्या. कामगार कुठे राहतात हा प्रश्न तिथे रस्त्यावर येऊन गेलेला आहे.

तर आता ऋणनिर्देश.

पहिले आभार उत्तरेचे. आमच्या उत्तरेकडच्या खिडक्यांवरचे छज्जे आपण एका फटक्यात खोडलेत. ‘नॉर्थला ऊन येत नाही, कॉंक्रीट वाया घालवू नका.’ केवढी ही काटकसर! आम्ही आपले भाबडेपणाने सूर्याच्या वाटेचा आलेख काढत बसलो होतो. चेन्नई 13 अंश अक्षांशावर. शून्य सावलीचा दिवस पुण्यात मे महिन्यात येतो, तिथे तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारासच येऊन जातो. तेव्हापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्याच भिंतीवर तिरका येतो. मे महिन्यातले ते दिवस तमिळ लोक ‘कत्तिरी वेयिल’ म्हणून ओळखतात आणि शक्यतो घराबाहेर पडत नाहीत. सूर्याला आपली सूचना अजून पोचलेली नसावी.

केंद्र सरकारलाही पोचलेली नाही. 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत उत्तरेच्या काचेला सवलत आहे: इतर दिशांच्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा 0.27 हून जास्त हिस्सा आत येऊ द्यायचा नाही, उत्तरेला मात्र 0.50 पर्यंत चालते. पण ही सवलत 15 अंशांपासून वरच्या गावांना. खाली उत्तरेलाही तेच 0.27. सगळा महाराष्ट्र त्या रेषेच्या वर आहे, इरुंगाट्टुकोट्टै खाली. आपला अनुभव दांडगा आहे, फक्त तो दोन-चारशे मैल उत्तरेचा आहे.

दुसरे आभार मधल्या कॉरिडॉरचे. आमची इमारत एका खोलीएवढीच रुंद होती. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या, एकीतून वारा आत, दुसरीतून बाहेर. चेन्नईच्या दमट हवेत रात्रही फारशी गार होत नाही, त्यामुळे जाड भिंती बांधून रात्रीचा गारवा साठवण्याचे राजस्थानी गणित तिथे फारसे जमत नाही. सावली आणि वाहता वारा, एवढ्यावरच अंगाला सुख. आपण मध्ये कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशी दुरुस्ती सुचवलीत. जागा वाचली. वाराही वाचला, तो आता इमारतीत शिरतच नाही.

आणि ती काच! आपण म्हणालात, ‘रस्त्याकडची बाजू मेलेली आहे. काच द्या, जिवंत होईल.’ रस्त्याकडची बाजू म्हणजे पश्चिम. कुणीतरी चाचरत ‘सर, स्थानिक साहित्य वापरायचं होतं’ असे म्हणाले, तेव्हा आपली हजरजबाबी बुद्धी कशी तळपली! ‘श्रीपेरुंबुदूरला सेंट-गोबेनचा काचेचा कारखाना आहे, याहून लोकल काय हवं?’ सगळी खोली हसली. मीही हसले, मार्क बाकी होते. वाळू दीड हजार अंशांपलीकडे वितळवून केलेली वस्तू केवळ शेजारी तयार होते म्हणून मातीच्या मांडीला मांडी लावून बसली, हा अलीकडचा सर्वांत उदार सामाजिक न्याय म्हणावा लागेल. आमच्या विटांच्या रॅट-ट्रॅप रचनेत विटा सुमारे पाव हिश्शाने वाचत होत्या आणि भिंतीत हवेचा पोकळ थर मिळत होता. आपण त्याला ‘बेकरच्या जमान्यातलं’ म्हणालात. वास्तुशिल्पी लॉरी बेकर 2007 साली गेले. ऊन अजून आहे.

निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ उष्ण-दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के मागते. ती वसतिगृहाला लागू होवो न होवो, घाम सगळ्यांना सारखाच येतो. आपली काच अर्थातच उघडत नाही. उघडली असती तर ती जिवंत कशी दिसली असती?

इथे एका क्षुल्लक बाबीचा उल्लेख करावासा वाटतो. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीची झोप सकाळी सुरू होते, म्हणजे दुपारी दोन वाजता आमच्या अर्ध्या वसतिगृहात मध्यरात्र असते. आमच्या आराखड्याचा सगळा खटाटोप त्या दुपारच्या झोपेसाठी होता: खोलीत काळोख करता यावा आणि काळोख करूनही वारा यावा. म्हणून विटांची जाळी, म्हणून आत लाकडी झडपा, म्हणून रात्रपाळीच्या खोल्या पूर्वेच्या टोकाला आणि जिन्यापासून दूर. आपण जाळीवर बोट ठेवून विचारलेत, ‘व्ह्यू कुठाय?’ खरेच, डोळे मिटून झोपलेल्या माणसाला व्ह्यू नाकारणे ही आमची क्रूरताच होती.

पण माझे सर्वांत मोठे ऋण कपड्यांचे आहे.

साईटवर गेलो होतो तेव्हा पाळी सुटलेल्या एका मुलीला आम्ही आमचा प्लॅन दाखवला. तिने तो उलटा धरला. माझ्या मैत्रिणीने तमिळमधून समजावून सांगितल्यावर तिने फक्त एवढेच विचारले, ‘युनिफॉर्म कुठे वाळत घालायचा?’ एकेका खोलीत सहा जणी, प्रत्येकीचे रोजचे धुणे, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा. आम्ही सूर्यापासून सांडपाण्यापर्यंत सगळे काढले होते, वलणी काढायची राहिली होती. मग सगळी पश्चिम बाजू नव्याने मांडली. जिना, न्हाणीघरे, आणि त्यांच्यापुढे जाळीआड छप्पर असलेले कपडे वाळवण्याचे सज्जे. दुपारनंतरचे ऊन कपड्यांच्या कामी लागले. राहत्या खोल्या त्या भट्टीपासून एक पट्टा आत सरकल्या. ओली वलणीही पडद्याचे काम करू लागली. वर्षभरात मिळालेले हे एकमेव क्रिट होते ज्याने सेक्शन खरोखर बदलला, आणि ते देणारीला मानधन नव्हते, विमानाचे तिकीट नव्हते, दुपारचे जेवणही आमच्याकडून नव्हते.

आपण ते सज्जे पाहिलेत आणि शेजारच्या सरांना मराठीत म्हणालात, ‘चाळ वाटतेय, चाळ.’ कुणाला कळले नाही. मला कळले, आणि ऊर भरून आला. गिरगावच्या चाळींची ती लांब गॅलरी खोलीवरचे ऊन अडवते, वाऱ्याला वाट देते, वाळवण घालते आणि शेजारीण जोडते, तेही विजेचा एक युनिट न जाळता. आमच्या चौथ्या वर्षाच्या कामाची गाठ आपण सव्वाशे वर्षांच्या अनुभवाशी घालून दिलीत. आपल्याला ते प्रशस्तिपत्रक वाटले नसेल, हा आपला विनय. मग इंग्रजीत आपण सगळ्यांसाठी सांगितलेत की दर्शनी बाजूला कपडे दिसता कामा नयेत. ते आता दिसत नाहीत. खोल्यांत, पंख्याखाली, पलंगाच्या कठड्यांवर वाळतात.

बाकीच्या उपकारांची नुसती नोंद करते. कॉरिडॉरच्या मधोमध आपण जलाशय सुचवलात, ‘मायक्रोक्लायमेट’साठी. कोरड्या प्रदेशात पाणी उडून हवा गार होते. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते उडणार कुठे, हे आपल्या कल्पनेच्या भरारीपुढे गौण आहे. डासांची मात्र सोय झाली.

उभी हिरवी भिंतही लावली. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले आणि जुलैमध्ये जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्याला हे नवल नाही, 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली ‘जलदूत’ आपण टीव्हीवर पाहिली असेल. अशा गावात भिंतीला खिळलेल्या प्लास्टिकच्या कुंड्या रोज शिंपल्या की पर्यावरण किती आनंदेल! न्हाणीचे पाणी शुद्ध करून फ्लशला वापरायची आमची योजना त्यासाठी वळवली आहे.

तळघरातले पार्किंगही आखले. इथे गाड्या बनतात, पण त्या बनवणाऱ्या मुली कंपनीच्या बसने येतात-जातात. आपण म्हणालात, ‘फ्यूचरचा विचार करा.’ केला. 2015 च्या डिसेंबरात जवळच्याच चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत सेकंदाला सुमारे 29 हजार घनफूट पाणी सोडावे लागले होते, आणि 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने चेन्नई पुन्हा बुडाली. त्यामुळे आमचे तळघर मोकळे पडणार नाही. गाड्या नसल्या तरी पाणी येईल.

आणि रेंडर! जुन्या रेंडरमध्ये ‘लाइफ’ नव्हते. आता त्यात लाल फुगा घेतलेली एक गोरी मुलगी आहे, लॅपटॉप घेऊन पायऱ्यांवर बसलेला दाढीवाला तरुण आहे आणि सोनेरी केसांचा कुत्रा आहे. कामगार मुलींची चित्रे ज्या संग्रहातून घ्यायची त्यात सापडली नाहीत. आकाश आपल्याला आवडते तसे जांभळे केले आहे.

‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’सारख्या स्पर्धेत परीक्षक म्हणे विद्यार्थ्यांना विचारत बसतात: वर्षाला वीज किती, पाणी किती, परवडते का, वीज गेली तर माणसे आत राहू शकतील का. किती रुक्ष माणसे! आपण मन मोठे केलेत आणि एकही आकडा विचारला नाहीत. आम्ही मात्र खोड सुटत नसल्याने दोन्ही आराखड्यांचे आकडे काढून ठेवले आहेत. आपल्या आराखड्याला प्रत्येक खोलीत एसी लागतो. तो बसवण्याची जागा आपण सुचवली नव्हती, म्हणून बाहेरची यंत्रे हिरव्या भिंतीवर टांगली आहेत. रेंडरमध्ये कुंड्यांआड झाकली जातात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
चौथ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

ता. क. आपण ट्रेसिंगवर काढून दिलेले सुधारित इमारतीचे स्केच आम्ही जपून ठेवले आहे. फायनलला तेच बेस म्हणून लावायचे आहे. पण त्यावर उत्तर दिशेचा बाण राहिला आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे दोन मार्क आपण याच कारणासाठी कापलेत, म्हणून विचारते: बाण नेमका कोणत्या बाजूला काढू? आपण म्हणाल तिकडे उत्तर करून घेऊ.