ओरिजिनलवाले काका

पुण्यात जुन्या बाजाच्या पेटीला गिऱ्हाईक कमी, पारखी फार. ओरिजिनलवाले काका या पारख्यांचे मुकुटमणी. कुणाच्या माळ्यावरून आजोबांची पेटी उतरली, की काका दारात हजर. भाता धड आहे का, सूर जर्मन की पालिताण्याचे, असल्या क्षुल्लक गोष्टी ते विचारत नाहीत. "पॉलिश मूळचं का?" एवढंच.

खिशात भिंग, पेचकस, कापूस आणि स्पिरिटची बाटली. आधी कडीजवळची झीज बघणार. पन्नास वर्षं हात फिरलेल्या जागी पॉलिश शाबूत असेल, तर काकांच्या भुवया वर. मग बिजागरी. शहाणा कारागीर आधी पॉलिश करतो, मग पितळ बसवतो; तेव्हा पितळेवर ओघळ किंवा स्क्रूच्या खाचेत पॉलिश दिसलं, की काकांचा चेहरा पडतो. खाच फुलीची निघाली तर विचारूच नका. "हा स्क्रू 1930च्या दशकाआधी होता कुठे?" असं ते स्क्रूलाच दरडावतात. कुलपाची पट्टी काढून तिच्याखालचा रंग ताडून पाहायचा आणि शेवटी तळाशी स्पिरिटचा बोळा. चिकट लागलं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. नाही तर हल्लीचं मेलामाइन, आणि त्या घराला सुतक.

काकांचं शास्त्र खोटं नाही. फक्त चपडा दुसऱ्यांदाही मारता येतो, हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. दसऱ्याला पेटीला खोबरेल चोळणाऱ्या एका आजींशी त्यांनी कायमचा अबोला धरलाय.

परवा सदाशिव पेठेतल्या वहिनींनी बाटली बघूनच बजावलं, "सासऱ्यांची पेटी आहे. बोळा लावायचा नाही." काका दुखावले. लांबूनच भिंग रोखून म्हणाले, "लावायला हवाय कशाला? मेलामाइन. चकाकीच सांगतेय."

वहिनींचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांच्या चिरंजीवांनी वाफाळता चहा आणला आणि बशी न घेता थेट पेटीवर टेकवला. कप उचलला, तर खाली पांढरं कडं! वहिनी किंचाळल्या. काका मात्र गुडघ्यांवर बसले, कड्याला भिंग लावलं आणि सद्गदित झाले.

"लाख आहे हो वहिनी! मेलामाइन कपाला एवढी दाद देत नाही. पुसू नका, पुरावा आहे तो!"

"अहो, पण डाग पडला ना!"

"एका डागावर निकाल देणं बरोबर नाही म्हणा," काका विचारात पडले. "डावीकडची फळी नंतर बदललेली वाटते. आणखी अर्धा कप मिळेल? गरमच हवा."