36 बाय 24 चा मोह

जून 2022 मध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि वऱ्हाडाचं नाव गिनीज बुकात लागलं. त्याच रस्त्याच्या अमरावतीकडच्या टोकाला बसून मी नवा कॅमेरा कोणता घ्यावा, याचा विचार करत होतो. हा विचार रस्त्याच्या आधी सुरू झाला होता. रस्ता झाला, वाळला, त्यावरून ट्रक धावू लागले, तरी संपला नव्हता.

कॅमेरा माझ्याकडे नव्हता असं नाही. 24 मेगापिक्सेलचा, शिकाऊ माणसाला देतात तसा होता आणि सोबत डब्यातच येणारी 18-55 ची लेन्स. दोन वर्षं त्याच्याशी संसार केल्यावर कळलं, की आपले फोटो बेताचे येतात. कारण उघड होतं : कॅमेरा बेताचा होता. नापास झालेला पोरगा आधी पेन बदलतो, त्यातलाच हा प्रकार.

राजकमल चौकात गिला वडा खाता खाता एका जाणत्या मित्रानं निकाल दिला, ‘‘फुल फ्रेम घेऊन टाक.’’ फुल फ्रेम म्हणजे आतला सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. माझ्या कॅमेऱ्यातला साधारण 24 बाय 16 चा. म्हणजे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला दुप्पट क्षेत्रफळ म्हटलं, की डोळ्यांपुढे सातबाराच येतो. त्या रात्री मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला आणि उजाडलं. मला वडाळी तलावावरचा खंड्या टिपायचा होता. माझ्या लहान सेन्सरवर 300 ची लेन्स लावली, तर ती 450 लावल्यासारखं दाखवते. तीच लेन्स फुल फ्रेमवर 300 चंच दाखवणार. म्हणजे लाखभर रुपये मोजायचे आणि खंड्या आहे त्याहून लांब पाठवायचा! त्याला जवळ आणायला आणखी मोठी लेन्स हवी, ती पेलायला तिपाई, मोठाले फोटो साठवायला नवं कार्ड, ते उघडायला नवा संगणक. कॅमेरा घेणं म्हणजे पोरगी पाहायला जाऊन वरातीतल्या घोड्यापर्यंतचं बिल हातात येणं.

‘‘अहो, दोन वर्षांत कावळ्यांचे दोनशे फोटो काढलेत,’’ बायको म्हणाली, ‘‘सासूबाईंचा एक नाही. त्याला कोणता कॅमेरा लागतो?’’

याचं उत्तर कोणत्याच माहितीपत्रकात नव्हतं. म्हणून मी अकोल्याला मामांकडे गेलो.

मामांचा अकोल्यात फोटो स्टुडिओ होता. यशिका मॅट कॅमेऱ्यावर त्यांनी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली, म्हणजे कागदावर. त्या कॅमेऱ्यात वरून पाहायचं, त्यामुळे समोर कोणी का असेना, फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावीच लागे. काचेवर डावं उजवीकडे दिसे. रोलात फोटो 12. तेराव्या पाहुण्यासाठी नवा रोल, म्हणून तेरावा पाहुणा बाराव्याला चिकटवण्याची कला मामांच्या अंगी आली होती.

माझं सगळं ऐकून ते म्हणाले, ‘‘थे फुल का हाफ मले नको सांगू. या कॅमेऱ्यानं तुले कायले कायले नाई म्हटलं, थे दाखव.’’

मी गेल्या श्रावणातले फोटो उघडले. शेवटच्या सोमवारची कावड. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून, शेकडो भरण्यांच्या कावडी खांद्यावर घेऊन पोरं राजराजेश्वराकडे येतात, तेव्हाचे. मामा चष्मा सरकवून एकेक फोटो पुढे ढकलू लागले.

‘‘हा हालला. तू पळत होता काऊन?’’

‘‘गर्दी होती, मामा.’’

‘‘याच्यात सूर्य पोट्ट्याच्या मागं हाये. सूर्यानं सरकावं का तुनं? याच्यात कावड येऊन गेली, मंग तू बटन दाबलं. हा चांगला हाये, पण अर्ध्यात कोणाचं तरी डोस्कं हाये. तुले पुढं होता आलं नाई का?’’

फोटो दोनशेच्या वर होते. कॅमेऱ्याच्या माथी मारता येतील असे मामांनी शेवटी दोन काढले. एक पहाटेच्या अंधारातली कावड. 55 वर माझी लेन्स 5.6 पर्यंतच उघडते. उजेड पुरला नाही, म्हणून भरण्यांच्या जागी नुसती एक चकाकती रेघ आली होती. दुसरा वडाळीचा खंड्या. फोटोत तो निळ्या तांदळाच्या दाण्याएवढा.

‘‘पयल्याले 50 ची 1.8 लेन्स घे,’’ मामा म्हणाले. ‘‘लहान हाये, स्वस्त हाये, आन् उजेड पाह्य किती घेते.’’ मी गणित केलं : जवळजवळ दसपट. ‘‘आन् दुसऱ्याले?’’

‘‘दुसऱ्याले चिखलात उतर.’’

लेन्स घेतली. तिनं पहिला फोटो आईचा काढला, खिडकीच्या उजेडात, शेंगा सोलताना. बायकोनं तो पाहिला आणि कॅमेऱ्याच्या खर्चाबद्दल आठवडाभर एक शब्द काढला नाही. लेन्सचे निम्मे पैसे मी तिथंच वसूल धरले.

मग एका रविवारी शेजाऱ्याची 300 ची लेन्स मागून वडाळीला गेलो. काठावरून खाली उतरलो, पायताण हातात घेतलं आणि घोटाभर चिखलात बसलो. तासाभरानं डास कंटाळले. पुढच्या अर्ध्या तासानं खंड्या आला आणि समोरच्या काटकीवर बसला. मी श्वास रोखला. चौकट भरली होती, उजेड बरोबर होता, डोळ्यावर नेम लागला होता. बटण दाबलं.

फोटोत काटकी स्वच्छ आली आहे. तिच्यावरचा पाण्याचा थेंबसुद्धा मोजून घ्या. खाली पाण्यात गोल वलय आहे आणि त्याच्या मधोमध एका निळ्या शेपटीचं टोक.

मामांना तो फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘‘मामा, या वेळी कॅमेऱ्यानं नाही म्हटलं नाही. खंड्यानं म्हटलं.’’