पाट जॅकवर गेला हो!

जनाची नाही, निदान मनाची तरी? रविवारी सकाळी बदलापुरात कात्रपच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. पूर्वी तिथे बादली, फडकं आणि गाडी पुसणारा एखादा निरुपद्रवी गृहस्थ दिसायचा. आता? पुढचं उजवं चाक काढलेलं, चाकाच्या कमानीखालून बाहेर आलेले दोन पाय आणि भोवती आठ-दहा जणांचा घोळका. काय चाललंय विचारलं, तर पायांकडून उत्तर येतं, ‘काही नाही, टायमिंग बेल्ट बदलतोय.’ काही नाही म्हणे! अहो, नळाचा वॉशर बदलायला प्लंबर बोलावणारी माणसं ही. यांनी थेट इंजिनाच्या काळजालाच हात घालावा?

बरं, हा बेल्ट म्हणजे काय पायजम्याची नाडी आहे, तुटली की दुसरी ओवली? खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा, आणि हा हिशेब सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला हलायला जागा उरते कितीशी? पट्टा चालत्या गाडीत तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि मग मेकॅनिक जो आकडा सांगतो तो ऐकून मालकही वाकतो. पट्टा बसवताना दोन-चार दाते चुकले तरी तेच. म्हणजे एका बाजूला काही हजारांचा रबरी पट्टा आणि दुसऱ्या बाजूला अख्खं इंजिन. एवढा थरार घरबसल्या मिळत असताना आयपीएल कोण बघतो?

या गाड्या तरी कसल्या? डस्टर, फिगो, पोलो, जुनी इंडिका. मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, फोक्सवॅगनने इथली डिझेलची पंगत उठवली, फोर्डने तर 2021 मध्ये कारखानेच आवरायचं जाहीर केलं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने गदा आणली. जग जिला म्हातारी म्हणून वाटेला लावतंय, तिच्या सेवेला आपले लोक हातमोजे घालून बसलेत. आणि ही गाडी जाते कुठे? साहेब सोमवार ते शनिवार सात-बाराच्या लोकलला लोंबकळणार, गाडी रविवारी डी-मार्टला जाऊन येणार. पण ‘रबर किलोमीटरनेच नाही, वर्षांनीही म्हातारं होतं हो!’ असं ऐकवून आपलं तोंड बंद केलं जातं. दुर्दैवाने ते खरंही आहे.

अंबरनाथला तर बोलायलाच नको. तिथे आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे गावच्या भाषेत ऑर्डनन्स आणि एमटीपीएफ. तिथून रिटायर झालेले फिटर आणि टूलमेकर गल्लोगल्ली. जन्मभर मायक्रॉनमध्ये बोललेली ही मंडळी निवृत्तीनंतर नातवाला शाळेत सोडून कंटाळलेली. त्यांना हे आयतंच सापडलं! कॅम जागच्या जागी धरून ठेवायची पिन बाजारात मिळते, पण आपले काका ती विकत घेतील? ओळखीच्या लेथवर जाऊन घडवून आणतात, व्हर्नियर लावून मापतात आणि जावयाच्या गाडीत घालून बघतात. परवा एका उत्साही तरुणाने त्याच पिनच्या भरवशावर पुलीचा बोल्ट सोडवायला घेतला, तर काका कडाडले, ‘अरे, पिन टायमिंग धरायला आहे, तुझी ताकद झेलायला नाही!’ तरुण ओशाळला. त्याच्या बायकोला काय आनंद झाला म्हणता!

कारण या खेळात घरच्यांचे हाल वेगळेच. पुलीचा बोल्ट सुटत नाही म्हणून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची आणि ब्रेक दाबून बसायचं कोणी? तिने. इकडे टॉमीला लांबलचक पाइप जोडून तिघं लोंबकळणार, तिकडे ती एका हाताने कुकरच्या शिट्ट्या मोजणार. दाते जुळवायला खुणा करायच्या तर दहावीतल्या मुलाचा व्हाइटनर गायब. इंजिनाचं एका बाजूचं माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा तेलाच्या चेंबरखाली जॅक लावून इंजिन पेलायचं. पण लोखंडाने चेंबर चेपू नये म्हणून मध्ये लाकूड हवं. लाकूड कुठलं, तर देवघरातला पाट! गणपतीला काय उत्तर देणार?

खरेदीसाठी स्वारी उल्हासनगरला. जिथे सैन्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि शून्यातून बाजारपेठ उभी राहिली, 1949 मध्ये ज्याचं उल्हासनगर असं बारसं झालं, त्या गावात कुठली वस्तू मिळत नाही? पण ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद डोक्यात ठेवून आपला वीर खोक्यावरचा होलोग्राम उन्हात धरून बघतो. दुकानदार शांतपणे म्हणतो, ‘साईं, टेन्शनर, आयडलर और वॉटर पंप भी ले जाओ. वही पंप बाद में लीक हुआ तो फिर सब खोलोगे?’ सल्ला शंभर नंबरी. वीर मात्र गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क रेंचही उचलतो. गॅरेजची मजुरी वाचवायला निघालेल्या माणसाने मजुरीपेक्षा जास्त हत्यारं घरी आणली, हे वहिनींना कोण सांगणार? आपण तर नाही बुवा.

सगळ्यांत केविलवाणे ते स्विफ्ट डिझेलवाले. एकाने महिनाभर गाजावाजा केला, सुट्टी टाकली, बॉनेट उघडलं, आणि कळलं की या 1.3 लिटरच्या इंजिनात बेल्टच नाही, साखळी आहे! आता बिचारा बाहेरचा डायनॅमोचा पट्टा बदलून ‘बेल्ट केला’ सांगत फिरतो. जुन्या इनोव्हावाल्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या डॅशबोर्डवर बेल्टचा दिवाच पेटतो. काही महाभाग दिवा रीसेट करतात आणि बेल्ट नवा झाला असं समजून शिर्डीला निघतात. साईबाबा तरी किती गाड्या सांभाळणार?

पण तो शेवटचा क्षण! नवा पट्टा बसला, टेन्शनर आवळला, पिना काढल्या. आता चावी लावायची नाही; पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघायचं. मध्येच अडला तर जोर करायचा नाही. सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याने ‘पार्किंगमध्ये इंजिन उघडण्यास सक्त मनाई’ची नोटीस लावली, तोच मोबाइलची बॅटरी धरून सर्वांत पुढे. पेपरवाला सायकल टेकवून उभा. समोरच्या गल्लीतला गॅरेजवालाही हाताची घडी घालून हजर, गिऱ्हाईक गेलं याचं दुःख विसरून. आणि आपण? आपण दूध आणायला खाली उतरलो होतो, तासाभरापूर्वी.

पुढच्या रविवारी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूला कोणीतरी क्लचप्लेटसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवणार आहे म्हणे. कसली ही माणसं, काही ताळतंत्र? दहाला सुरू करणार आहेत. साडेनऊला निघालो तर जागा मिळेल ना?