ट्रिपल सीट

"अगं, काल रात्री दोन वाजता तुमच्याकडे दिवा जळत होता. पाहुणे आले की काय?"

"कसले पाहुणे, काकू! धाकट्याला जुलाब. धामणकर नाक्यावर कुठल्याशा गाडीवर बर्फाचा गोळा खाऊन आला. त्यात यांनी अंगात ताकद यावी म्हणून पेलाभर पाण्यात चांगली अर्धी वाटी साखर ढवळून पाजली. मग तर आणखीच वाढलं."

"वाढणारच. आत्ता हातात काय आहे तुझ्या?"

"कैरी. मीठ लावून ठेवली होती, बघा केवढं पाणी सुटलंय."

"हेच झालं त्याच्या पोटात. आतड्यात पाक साचला की अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं."

"मग नुसतं पाणी द्यायचं?"

"नुसतंही नाही भागत. माझी भाची नर्सिंगला आहे ना, ती सांगत होती. आतड्याच्या पेशीला दार असतं, त्यावर नाकेदार. एकटी साखर आली तर घेत नाही. मिठातले सोडियमचे दोन कण आणि साखरेचा एक, असे तिघे जमले तरच आत."

"ट्रिपल सीट!"

"अगदी. आपल्या नाक्यावर ट्रिपल सीटला पावती फाडतात, तिथे ट्रिपल नसेल तर सोडतच नाहीत. आणि ते आत गेले की पाणी मागोमाग."

"पण सोडियमला आत जायची एवढी घाई कशाला?"

"कारण आतलं सोडियम पेशी मागच्या दारानं सारखी उपसत असते, पंप लावल्यासारखी. आत कमी, बाहेर जास्त, म्हणून पुढच्या दाराशी रेटा. त्या पंपाला शक्ती लागते बरं. शेजारच्या कारखान्यात लाईट गेली की माग थांबतात ना, तसं ते."

"माग थांबले की निदान झोप तरी लागते हो!"

"ऐक तर. पटकीत बाकी सगळं वाहून जातं, पण हे दार शाबूत राहतं. 1971 साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं जात होती, ती चारच्याही खाली आली. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2023 ला, वारल्यावर."

"आपल्याकडे सगळं वारल्यावरच. प्रमाण सांगा ना."

"दुकानातली ओआरएसची पुडी सगळ्यात बरी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा हं, पोहे खायचा नाही. आणि आधी चाखून बघ, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून दे. लघवी होते ना त्याला?"

"मघाशीच झाली."

"मग ठीक. डोळे खोल गेले, ग्लानी आली, तर मात्र घरी बसू नकोस, सरळ आयजीएम रुग्णालयात ने."

"आई, ते खारट पाणी नको, गोळा हवा!"

"ऐकलंत? आला अंगात जीव. काकू, पाजू काय आता? ओकला तर?"

"दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमच्याचमच्यानं सुरू. आणि ए, त्या फोडी दोन दे इकडे, तिखट न लावलेल्या."